गिअरबॉक्सचं तेल: पाहावं कसं, ओळखावं काय

सकाळी गाडी सुरू केली, ब्रेकवर पाय ठेवून लीव्हर ‘डी’वर आणला, ब्रेक सोडला आणि गाडी हललीच नाही. दीड-दोन सेकंद जागेवर थांबली आणि मग एकदम झटका देऊन निघाली. ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्या अनेकांना हे ओळखीचं असतं, आणि ‘इंजिन अजून थंड आहे’ म्हणून बहुतेक जण ते सोडून देतात. पण इंजिन चालू झालेलं असतं, त्याचा आवाजही नेहमीचाच असतो. उशीर होतो तो गिअरबॉक्समध्ये. लीव्हर ‘डी’वर आला की पंपाने खेचलेलं तेल दाबाने एका क्लचच्या दट्ट्यामागे जातं, दट्ट्या क्लचच्या चकत्या एकमेकींवर आवळतो, आणि त्या घट्ट आवळल्या गेल्या की ताकद चाकांपर्यंत पोचते. तेल कमी असेल तर पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. तेल दाबून आक्रसत नाही, हवा आक्रसते. म्हणून दट्ट्या पुढे सरकायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात चकत्या एकमेकींवर घासत राहतात आणि त्यांच्यावरचं अस्तर दर खेपेला थोडं थोडं जळतं.

या टप्प्यावर गळती शोधून बंद केली आणि अर्धा-पाऊण लिटर तेल भरलं, तर बहुधा काम भागतं. वर्षभर तसंच रेटलं तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि जुन्या गाडीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दुरुस्त करण्याचा खर्च पुष्कळदा गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. गिअरबॉक्स एका दिवसात जात नाही. त्याआधी त्यातलं तेल कमी होतं, काळं पडतं, करपतं किंवा त्यात पाणी शिरतं. हे सगळं साध्या डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. पाहणारा मात्र हवा.

इंजिन ऑइलचं मुख्य काम वंगणाचं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधलं तेल वंगण तर आहेच, पण ताकदही तेच वाहून नेतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. त्यात पात्यांची दोन चाकं समोरासमोर असतात. इंजिनाबरोबर फिरणारं चाक तेल दुसऱ्या चाकावर फेकतं आणि त्या माऱ्याने दुसरं चाक फिरू लागतं. मधे पात्यांचं तिसरं, लहान चाक असतं. परत येणाऱ्या तेलाची दिशा वळवून ते जोर वाढवतं. या चाकांमध्ये लोखंडाला लोखंड जोडलेलं नसतं. सिग्नलला उभी असलेली गाडी सुटते ती तेलाच्या माऱ्यावर. वेग आल्यावर लॉक-अप क्लच दोन्ही चाकं एकत्र जखडतो, म्हणजे ताकद वाया जात नाही.

याच तेलाला आणखी एक अवघड काम करावं लागतं. वंगण म्हटलं की घर्षण कमी करणारं, असं आपण धरून चालतो. पण इथे तेलात बुडालेल्या चकत्यांनी एकमेकींना धरायचं असतं. धरताना हिसका बसता कामा नये आणि एकदा धरल्यावर सुटता कामा नये. तो समतोल तेलात मिसळलेली रसायनं सांभाळतात. म्हणून प्रत्येक कंपनी आपल्या चकत्यांच्या अस्तराला मानवेल असंच तेल ठरवून देते, आणि म्हणूनच दुकानदाराने ‘हे सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ असं सांगितलं तरी डबा उलटा करून त्यावर आपल्या गाडीला लागणाऱ्या तेलाचं नाव आहे का, ते पाहायलाच हवं.

ही घर्षणाची अडचण पहिल्यापासूनची आहे. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत हायड्रा-मॅटिक हा पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दिला आणि १९४९ मध्ये अशा गिअरबॉक्ससाठीच्या खास तेलाचा पहिला दर्जा ठरवला. त्याचं नाव ‘टाइप ए’. चकत्या अलगद धराव्यात म्हणून त्या काळच्या तेलांत स्पर्म व्हेल या देवमाशाचं तेल घालत. १९७० मध्ये अमेरिकेने या देवमाशाला संकटग्रस्त ठरवून संरक्षण दिलं, आणि तेल कंपन्यांना त्याच्या जागी दुसरी रसायनं शोधावी लागली. १९७० च्या दशकातलं जनरल मोटर्सच्या दर्जाचं ‘डेक्सरॉन-२’ त्या शोधातून आलं. आज मिळणारं ‘डेक्सरॉन-६’ २००५ पासूनचं आहे आणि आधीच्या ‘डेक्सरॉन-३’पेक्षा पातळ आहे, पातळ तेल फिरवायला इंजिनाची ताकद कमी लागते. तेलाला लाल रंग दिला गेला त्याचं कारण व्यवहाराचं आहे. गाडीखाली डाग पडला तर तो इंजिन ऑइलचा की गिअरबॉक्सचा, हे बघताक्षणी कळावं. रंगाने तेलाच्या गुणात काहीही फरक पडत नाही. सगळी तेलं लालही नसतात. झेडएफ या जर्मन कंपनीच्या आठ गिअरच्या बॉक्समधलं तेल हिरवं असतं, मर्सिडीजच्या नऊ गिअरच्या बॉक्समधलं निळं. रंग दुसरा दिसला म्हणून घाबरण्याआधी आपल्या गाडीचं नवं तेल कोणत्या रंगाचं असतं, ते माहीत करून घ्यावं.

आपल्याकडे दोन पेडलची गाडी दिसली की तिला सरसकट ऑटोमॅटिक म्हणतात. तेलाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या जाती वेगळ्या आहेत. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्तात आलेली एएमटी आतून साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असते; क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम यंत्र करतं, एवढंच. तिच्यात मॅन्युअलचंच गिअर ऑइल असतं. शिवाय मारुतीच्या एएमटीत क्लच दाबणाऱ्या यंत्राचं वेगळं तेल असतं; त्याची लहानशी टाकी बॉनेट उघडल्यावर दिसते. काही कंपन्या हेच काम विजेच्या मोटरींकडून करून घेतात, तिथे हे दुसरं तेल नसतंच. होंडा सिटी, अमेझ यांच्या सीव्हीटीमध्ये गिअर नसतात. दोन पुल्यांमध्ये पोलादी पट्टा फिरतो आणि त्या पट्ट्याला निसटू न देणारं तेल लागतं. त्यात नेहमीचं लाल ऑटोमॅटिकचं तेल भरलं तर पट्टा पुलीवर घसरून दोघांवर ओरखडे उठतात, आणि ते पुन्हा गुळगुळीत होत नाहीत. ड्युअल क्लचमध्येही कोरड्या क्लचचा प्रकार वेगळा आणि तेलात बुडालेल्या क्लचचा वेगळा. टॉर्क कन्व्हर्टर असलेली खरी जुन्या धाटणीची ऑटोमॅटिक पूर्वीच्या ऑटोमॅटिक इनोव्हा क्रिस्टासारख्या गाड्यांत असते. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे ओनर्स मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. त्याच पानावर तेलाचं नाव आणि किती लिटर लागतं तेही असतं.

जुन्या अनेक ऑटोमॅटिक गाड्यांना गिअरबॉक्सची वेगळी डिपस्टिक असते. इंजिनाच्या डिपस्टिकचं टोक बहुधा पिवळं, गिअरबॉक्सचं बहुधा लाल, आणि ती थोडी खाली, बॅटरीच्या किंवा मागच्या भिंतीच्या बाजूला दडलेली असते. तेल पाहण्याआधी गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी. कारण तेल तापलं की फुगतं. थंड तेलावर पाहिलेली पातळी फसवते. गाडी सपाट जागी उभी करावी. सोसायटीच्या पार्किंगचा उतार डोळ्यांना जाणवत नाही, तेलाला जाणवतो. हँडब्रेक ओढावा, ब्रेक दाबून ठेवावा आणि इंजिन चालू ठेवून लीव्हर ‘पी’पासून शेवटच्या जागेपर्यंत सावकाश न्यावा, प्रत्येक ठिकाणी दोन-तीन सेकंद थांबून परत ‘पी’वर आणावा. त्यामुळे सगळ्या वाटा तेलाने भरतात. मग इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढावी, सुती कापडाने पुसावी, पूर्ण आत घालावी आणि पुन्हा काढून पाहावी. पुसायला कॉटन वेस्ट वापरू नये. त्याचा एखादा धागा आत गेला तर तो व्हॉल्व्हच्या बारीक भोकात जाऊन बसू शकतो. पंखा आणि पट्टा चालू असतो, तेव्हा बाही, ओढणी, गळ्यातली साखळी यांची काळजी घ्यावी.

डिपस्टिकवर ‘कोल्ड’ आणि ‘हॉट’ अशा दोन पट्ट्या असतात. तापलेल्या गाडीत तेल ‘हॉट’च्या दोन खुणांमध्ये हवं. दोन्ही बाजूंनी पाहावं. एका बाजूला वर आणि दुसरीकडे खाली दिसलं तर नळीच्या कडेला लागलेलं तेल चिकटून आलेलं असतं, अशा वेळी खालची खूण खरी. तेलावर बुडबुडे दिसले तर पातळी बहुधा चुकलेली आहे, जास्त किंवा कमी. आणि इथे एक मोठा अपवाद आहे. होंडाच्या डिपस्टिक असलेल्या ऑटोमॅटिक गाड्यांत इंजिन तापवून, मग बंद करून, दीडेक मिनिटाच्या आत पातळी पाहायची असते. चालू इंजिनावर पाहिली तर तेल कमी दिसतं, आणि कमी दिसलं म्हणून भरलेलं तेल जास्त होतं.

जास्त तेल भरण्याने काय बिघडतं, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. बिघडतं, आणि कमी तेलाइतकंच बिघडतं. पातळी वर चढली की फिरणारी चाकं तेलात बुडतात आणि त्याचा फेस करतात. फेस म्हणजे हवा. तीच हवा पंपातून क्लचपर्यंत जाते आणि तेल कमी असताना जे होतं तेच होतं. शिवाय फेस ब्रीदर या हवेच्या भोकातून बाहेर येतो, गिअरबॉक्स वरून ओला दिसतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो. म्हणून तेल भरताना पाव लिटरच्या हप्त्याने भरावं, दर खेपेला लीव्हर फिरवून पातळी पाहावी.

आजच्या बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच नसते. गिअरबॉक्सच्या खाली एक बोल्ट असतो आणि त्याच्या आत ठराविक उंचीची नळी. गाडी रॅम्पवर चारही चाकं समपातळीत ठेवून, इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर तेलाचं तापमान पाहत राहायचं. कंपनीने सांगितलेल्या अंशांत ते आलं, अनेक टोयोटा गाड्यांत ही मर्यादा साधारण ३५ ते ४५ अंशांच्या आसपास असते, की बोल्ट काढायचा. तेलाची धार येऊन ती थेंबांवर आली की पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर तेल कमी. हे घरी करण्यासारखं काम नाही, असं मला स्पष्ट वाटतं. पण मिस्त्री हे करताना तापमान पाहतो आहे की नुसताच बोल्ट काढतो आहे, हे गाडीमालकाला उभं राहून पाहता येतं. तापमान न पाहता तपासलेली पातळी चुकीचीच असणार.

आता तेल स्वतः काय सांगतं ते पाहू. डिपस्टिकवरचे दोन थेंब पांढऱ्या टिश्यू पेपरवर टिपून घ्यावेत आणि दहा मिनिटं थांबावं. चांगलं तेल पसरत जातं आणि डाग पारदर्शक, गुलाबी राहतो. मधोमध तपकिरी वर्तुळ आणि भोवती फिकट कड दिसली तर तेल जुनं झालं आहे, बदलायला हवं, पण घाबरण्याचं कारण नाही. डाग पसरलाच नाही, काळा गोळा होऊन राहिला आणि त्याला करपल्याचा उग्र वास असला, तर चकत्यांचं अस्तर जळून तेलात मिसळतं आहे. बोटाच्या चिमटीत थेंब चोळून पाहावा. बारीक रवाळ काही लागलं तर ते एक तर अस्तर आहे किंवा धातू.

धातूचा निकाल गिअरबॉक्सच्या खालचं तेलाचं चेंबर उघडल्यावर लागतो. चेंबरच्या तळाशी दोन-तीन लोहचुंबक बसवलेले असतात. मिस्त्रीने चेंबर उतरवलं की ते चुंबक स्वतः हातात घेऊन पाहावेत. त्यांवर राखाडी, मऊ लेप बसलेला असला तर तो नेहमीच्या झिजेचा आहे. पुसून चुंबक परत बसवायचे. लेपात काटे, कीस, चमकणारे तुकडे दिसले तर एखादं बेअरिंग किंवा गिअरचा दात गेलेला आहे. चुंबकाला न चिकटणारा पिवळट चुरा असेल तर पितळी बुशिंग झिजलं आहे. चेंबरमध्ये काळ्या कागदी कपच्या असतील तर ते चकत्यांचं अस्तर. अशा वेळी नवं तेल भरून फार काही साधत नाही, आणि चांगला मिस्त्री हे आधीच सांगतो.

तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर त्यात पाणी आहे, आणि मग एक किलोमीटरही गाडी चालवू नये. पाणी येण्याच्या दोन वाटा. अनेक गाड्यांत गिअरबॉक्सचं तेल थंड करणारी नळी रेडिएटरच्या आतूनच जाते. ती आतून फुटली की कुलंट तेलात आणि तेल कुलंटमध्ये जातं. रेडिएटरच्या टाकीत गुलाबी तवंग दिसतो. दुसरी वाट पावसाची. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहरभर गाड्या पाण्यात बुडाल्या. पण गिअरबॉक्समध्ये पाणी जायला गाडी बुडायलाच लागते असं नाही. गिअरबॉक्सच्या वर हवा येण्याजाण्यासाठी ब्रीदर असतो. तासभर चाललेला तापलेला गिअरबॉक्स गुडघाभर थंड पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि ती जागा भरायला बाहेरून पाणी ओढलं जातं, ब्रीदर पाण्याखाली असेल तर तिथून, नसेल तर जुन्या ऑइल सीलच्या कडेने. चकत्यांचं अस्तर कागदाच्या जातीचं असतं आणि ते डिंकाने पोलादावर चिकटवलेलं असतं. ते तेलापेक्षा पाणी अधिक ओढून घेतं, अस्तर फुगतं, डिंक सुटतो. पाणी काढून टाकलं तरी अस्तरात मुरलेलं पाणी निघत नाही. म्हणून पुरातून काढलेल्या गाडीचं तेल पहिल्या दिवशी बदललं तर गिअरबॉक्स वाचण्याची आशा असते. ‘चालते आहे ना’ म्हणून महिनाभर फिरवली तर ती आशा जाते. पाण्यातून गेलेल्या मॅन्युअल गाडीचंही गिअर ऑइल बदलावं. तिथे अस्तर सुटायची भीती नसली तरी बेअरिंगं गंजतात.

गळती शोधायची साधी रीत म्हणजे रात्री गाडीखाली मोठा पुठ्ठा पसरून ठेवणं आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा खडूने आखणं. सकाळी डाग कुठे पडला ते कळतं. एसीचं पाणी स्वच्छ असतं आणि वाळून जातं, कुलंट गोडसर वासाचं आणि पाणचट, इंजिन ऑइल तपकिरी. लाल डाग गिअरबॉक्सचा असेल किंवा, गाडीला हायड्रॉलिक पॉवर स्टीअरिंग असेल तर, त्याचाही. एक्सल गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथलं ऑइल सील गळतीची सगळ्यात नेहमीची जागा. त्यानंतर चेंबरचं गॅस्केट आणि कूलरच्या नळ्यांचे जोड. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथून, खालच्या बाजूने, तेल येत असेल तर काम मोठं आहे. गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय त्या सीलपर्यंत हात पोचत नाही. ऑटोमॅटिकमध्ये तेल जळून कमी होत नाही. पातळी खाली गेली म्हणजे ते कुठून तरी बाहेर गेलेलं आहे, एवढं पक्कं धरून चालावं.

गाडीच्या वागण्यावरून बिघाड ओळखताना घाई नडते. ॲक्सिलरेटर दाबला, इंजिनाचे फेरे चढले, पण वेग तेवढा वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. पहिल्यांदा तेलाची पातळी पाहावी. ५०-६० च्या वेगात हलक्या पायाने चालवताना रस्त्यावरच्या रंबल स्ट्रिपवरून गेल्यासारखी थरथर जाणवली तर संशय लॉक-अप क्लचवर घ्यावा. तपासायला सोपं आहे. रस्ता मोकळा असताना, थरथर चालू असताना, ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला नुसता स्पर्श करावा. ब्रेकचा दिवा लागतो त्या क्षणी बहुतेक गाड्यांत लॉक-अप सुटतो. थरथर थांबली तर कारण लॉक-अप. तशीच राहिली तर स्पार्क प्लग आणि कॉइलकडे पाहावं. लॉक-अपची थरथर हा अशा थोड्या बिघाडांपैकी एक आहे, जो पुष्कळदा नुसतं योग्य तेल बदलून जातो, कारण झिजलेलं असतं ते तेलातलं घर्षण सांभाळणारं रसायन.

‘डी’वर टाकताच ठोका बसणं हे मात्र नेहमी गिअरबॉक्सचं लक्षण नसतं. इंजिनाचं फाउंडेशन तुटलं असेल तरी अगदी असाच ठोका बसतो, आणि ते बदलायला फार खर्च येत नाही. बॉनेट उघडून, जाणकाराला ब्रेक दाबून लीव्हर ‘डी’ आणि ‘आर’ असा फिरवायला सांगून, बाजूला उभं राहून पाहावं. इंजिन उचललं जात असेल तर फाउंडेशन गेलं आहे. गाडीसमोर मात्र उभं राहू नये. गाडी एकाच गिअरमध्ये अडकली असेल आणि डॅशबोर्डवर दिवा लागला असेल, तर कॉम्प्युटरने गिअरबॉक्स वाचवण्यासाठी स्वतःहून तसं केलेलं असतं. स्कॅनर लावल्यावर पी०७०० दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे काहीतरी नोंद आहे. ती नोंद वेगळी वाचावी लागते. पी०२१८ म्हणजे तेल प्रमाणाबाहेर तापलं होतं. पी०७०० वाचून थेट ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नये.

तापणं हा आपल्याकडचा खरा शत्रू. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये लॉक-अप लागलेला नसतो तेव्हा वाया जाणारी ताकद तेलाच्या उष्णतेत जाते. मे महिना, गाडीत पाच माणसं, एसी चालू आणि आंबोलीचा चढ, किंवा पुण्या-मुंबईतली संध्याकाळची रखडत चालणारी गर्दी: दोन्हीकडे लॉक-अप क्वचितच लागतो. तापमान साधारण १० अंशांनी वाढलं की तेल खराब होण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. घाट चढताना लीव्हर खालच्या गिअरवर ठेवला तर इंजिन थोडं जास्त ओरडतं, पण गिअरबॉक्स सारखा वर-खाली करत बसत नाही आणि तेल थंड राहतं.

तेल कधी बदलायचं याबद्दल गोंधळ आहे, कारण काही पुस्तिकांत ते गाडीच्या आयुष्यभर चालेल असं लिहिलेलं असतं. झेडएफ ही कंपनी आपले गिअरबॉक्स अनेक मोठ्या कारखान्यांना पुरवते. तिनेच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं झाली की तेल बदलावं, असं सांगितलं आहे. ह्युंदाईच्या पुस्तिकांत ३२ अंशांवरच्या तापमानात शहरातल्या गर्दीत चालवणं ‘कठीण वापर’ धरलेलं आहे. विदर्भ, मराठवाड्यातला उन्हाळा आणि आपल्या शहरांतली गर्दी पाहता इथली जवळपास प्रत्येक गाडी त्या रकान्यात बसते. हवामानाचा परिणाम किती खोल असतो याचं एक उदाहरण फोक्सवॅगनचं आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या सात गिअरच्या डीएसजी या ड्युअल क्लच बॉक्समधलं सिंथेटिक तेल बदलून खनिज तेल भरून देण्याचं जाहीर केलं. उष्ण, दमट हवेत आणि थांबत-चालत जाणाऱ्या गर्दीत त्या तेलामुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होऊ शकत होता. थंड देशांत ठीक चाललेलं तेल दमट गर्दीत अपुरं पडलं. म्हणून मी ६०,००० किलोमीटरच्या आसपास तेल बदलण्याच्या बाजूचा आहे, पुस्तिका काहीही म्हणो.

बदलताना खालचा बोल्ट काढून फक्त तीन-चार लिटर तेल निघतं. बाकीचं टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. हजारेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तसंच बदललं की बरंचसं तेल नवं होतं. यंत्र लावून सगळं तेल दाबाने धुऊन काढण्याचा आग्रह धरणारे असतात. वेळेवर तेल बदललेल्या गाडीला त्याने अपाय होत नाही. पण लाखभर किलोमीटर कधीच तेल न बदललेल्या गाडीत ते करू नये. तळाशी बसलेला गाळ उठून व्हॉल्व्हच्या भोकांत जातो. निघालेलं जुनं तेल गटारात किंवा जमिनीत ओतू नये. ते रिफायनिंगला घेणाऱ्यांकडे जायला हवं.

मॅन्युअल गाडीचं काम सोपं, पण तिथेही दोन गोष्टी हमखास चुकतात. गिअरबॉक्सच्या बाजूला भरण्याचा बोल्ट आणि खाली काढण्याचा बोल्ट असतो. आधी भरण्याचा बोल्ट सुटतो आहे का ते पाहावं, मगच खालचा काढावा. वर्षानुवर्षं न हललेला वरचा बोल्ट गंजून बसला असेल आणि खालून तेल सोडून दिलं असेल, तर तेल नसलेली गाडी रॅम्पवर अडकते. पातळी पाहायला बोल्ट काढून बोटाचं टोक आत वाकवावं. भोकाच्या खालच्या कडेशी तेल लागलं पाहिजे. गिअर ऑइलचा गंधकासारखा उग्र वास नैसर्गिक आहे, त्याला करपलेलं समजू नये. दुसरी गोष्ट दर्जाची. पुस्तिकेत जीएल-४ लिहिलं असेल तर जीएल-५ भरू नये. ‘पाच म्हणजे चारपेक्षा वरचं’ असं वाटतं, पण जीएल-५ मध्ये गंधकाची रसायनं जास्त असतात; ती पितळी सिंक्रो रिंगला खातात आणि रिंगने धरायच्या जागी तिला घसरवतात. मग थंड गाडीत दुसऱ्या गिअरला कर्रकन आवाज येऊ लागतो. तेल जुनं झाल्यानेही तो येतो, तेव्हा आधी योग्य तेल भरून पाहावं. न्यूट्रलमध्ये घरघर येत असेल आणि क्लच दाबताच ती बंद होत असेल, तर ते बेअरिंग आहे, तेलाने जाणार नाही.

ऑटोमॅटिक गाडी रस्त्यात बंद पडली की मदतीला येणारे लोक दोरी लावून ओढायला निघतात. इंजिन बंद असताना गिअरबॉक्सचा तेलपंपही बंद असतो, कारण तो इंजिनावरच चालतो. ओढली जाणारी चाकं मात्र आतले गिअर फिरवत राहतात, तेलाशिवाय. काही किलोमीटरांत बुशिंग जळतात आणि धडधाकट गिअरबॉक्स निकामी होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर क्रेनने पुढची बाजू उचलायला सांगावी, फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवावा. फोनवर सांगतानाच ‘गाडी ऑटोमॅटिक आहे, फ्लॅटबेड पाठवा’ एवढं सांगितलं की योग्य गाडी येते.